लहानपणीच आई किंवा वडील गेले असतील तर मोठेपणी थेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात समुपदेशनाचं काम करते. शहरातून, तसंच खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडून लोक फोनवर विचारतात, रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर लिहितात, नाहीतर कार्यक्रम संपल्यावर हातात चिठ्ठी कोंबून निघून जातात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं घेतलेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच आहेत. उदाहरणांतलं गाव, वय, नातं बदललंय.

१. मी दीड वर्षाचा असताना वडील गेले. मला त्यांचा चेहराही आठवत नाही. मग दुःख कसलं?

चेहरा आठवत नाही हे बरोबरच आहे. बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. त्याआधीचं कुणी रंगवून सांगत असेल तर ते बहुधा घरच्यांकडून ऐकलेलं असतं.

पण तान्ह्या मुलाला माणूस कळायला आठवण लागत नाही. कुणाच्या कुशीत झोप लागते, रडलं की कुणाची पावलं वाजतात, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं आयुष्यभर हाच विषय अभ्यासला: मूल आपल्या माणसाला धरून असतं आणि ते माणूस नाहीसं झालं की मूलही शोक करतं, फक्त मोठ्यांसारखा नाही.

दुसरं म्हणजे वडील एकाच दिवशी जात नाहीत. ते गेले म्हणून आई माहेरी आली, चुलत्यांनी हात वर केले, तुम्ही आजोळी वाढलात. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ लिहायचं की नाही यावर पेन अडलं. लग्नपत्रिकेत ते पुन्हा अडलं. तुम्हाला वडील आठवत नसतील, पण ही अडलेली पेनं आठवतात ना?

२. इतकी वर्षं काही त्रास नव्हता. आता चाळिशीत अचानक का?

मी पहिल्यांदा दोन वयं विचारते: आई किंवा वडील गेले तेव्हा त्यांचं वय काय होतं, आणि तुमचं काय होतं? बऱ्याचदा यातच उत्तर असतं. आई छत्तिसाव्या वर्षी गेली असेल तर छत्तिसावं लागलं की माणूस बिथरतो. एकजण त्या वर्षात तीनदा ईसीजी काढून आला होता, तिन्ही चांगले. वाढदिवस उलटून गेल्यावर म्हणाला, “आता पुढचा रस्ता मला माहीत नाही.” आईच्या वयापर्यंतचाच नकाशा त्याच्याजवळ होता.

दुसरी वेळ येते ती स्वतःचं मूल त्या वयाचं झालं की. पाच वर्षांच्या लेकीला शाळेची वेणी घालताना हात थांबतो: मी एवढीशी होते? तोवर ‘मला काही झालं नाही’ असं म्हणणाऱ्या बाईला पहिल्यांदा कळतं की पाच वर्षांचं पोर किती लहान असतं. मागे राहिलेला दुसरा पालक गेला की जुनं दुःखही नव्यासोबत वर येतं.

३. म्हणजे हा मानसिक आजार आहे का?

नाही. लहानपणी आई किंवा वडील गमावलेली बहुसंख्य माणसं पुढं नीट संसार करतात.

धोका थोडा वाढतो, हेही खरं. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांचा लंडनमधल्या बायकांवरचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाच्या अकरा वर्षांच्या आत आई गमावलेल्या बायकांना पुढं संकट आलं की नैराश्य येण्याची शक्यता जास्त दिसली. नंतरच्या कामात जे पुढं आलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: आई गेल्यानंतर त्या मुलीची देखभाल कशी झाली यावर बरंच ठरतं. चांगली आज्जी मिळाली तर बरंच काही सावरतं.

‘दीर्घकालीन शोकविकार’ असं वेगळं निदान आता आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिने आणि अमेरिकन वर्गीकरणात मोठ्यांसाठी बारा महिने धरलेत. पण नुसत्या कालावधीवर निदान होत नाही. गेलेल्या माणसाची तीव्र ओढ किंवा त्याचाच विचार रोजचं जगणं अडवत असेल, तेव्हाच ते लागू पडतं. थेरपीला यायला निदान लागत नाही.

४. घरी कुणी काही सांगतच नाही. विचारलं की विषय बदलतात. माहिती काढू कशी?

या पानावरचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माझ्या मते अर्ध्याहून अधिक त्रासाचं मूळही इथंच आहे. आपल्याकडं मयत झालं की आधी पोराला शेजारी पाठवतात. हातात बिस्किटाचा पुडा. “आई देवाघरी गेली,” “दवाखान्यात आहे,” आणि खानापूर भागातलं खास उत्तर म्हणजे “बाबा गोव्याला कामाला गेलेत.” घरटी कुणीतरी गोव्याला असतंच, त्यामुळं पोराला ते पटतं. मग ते वाट बघतं. एक गृहस्थ पन्नाशीला आले तरी बेळगाव स्टँडवर गोव्याहून येणारी कदंबाची बस लागली की उतरणाऱ्यांचे चेहरे बघायचे. हे आपण का करतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. बोलता बोलता एका बुधवारी ते हाती लागलं.

घरच्यांना दोष देऊ नका. पोराला त्रास होऊ नये म्हणूनच ते गप्प बसले. पुढं त्या गप्प बसण्याचीच सवय पडली. त्यांना “आई कशी गेली?” असं थेट विचारू नका. “आईला भाजी कुठली आवडायची?”, “ती रागावली की काय करायची?” असं विचारा. आत्या किंवा थोरली मावशी एकटी गाठा, चारचौघांत नको. हातानं काहीतरी काम चालू असताना, शेंगा फोडताना वगैरे, बायका जास्त बोलतात. आईची मैत्रीण, वडिलांसोबत कामाला असणारे, वर्गातले सोबती शोधा. वडील पलटणीत असतील तर पेन्शनची कागदपत्रं बघा. मृत्यूचा दाखला, जमिनीला वारसा लागल्याची नोंद यांवरून तारीख हाती लागते. कागद कानडीत असतील तर वाचून घ्यायला परका माणूस बरा, नातेवाईक गाळून वाचतात.

आणि भांडी बघा. पूर्वी लग्नात आलेल्या भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घ्यायचे. एकानं माझ्याकडं पितळेचा तांब्या आणला. रोज त्यातूनच पाणी प्यायचा. बुडाजवळ ‘सौ.’, पुढं आईचं नाव, लग्नाची तारीख. मावशीनं चिंच लावून घासून घासून अक्षरं पुसट केलेली, पण उन्हात तिरकं धरलं की दिसत होती. “हिला माझ्यासोबत दोन वर्षं मिळाली,” तो हिशेब करून म्हणाला. तोवर त्याच्या लेखी आई म्हणजे हार घातलेला फोटो होती.

५. थेरपीत नेमकं करतात काय? रडवतात का?

रडवत नाहीत. रडू आलं तर थांबवतही नाहीत.

पहिल्या एक-दोन भेटींत मी मोठा कागद घेऊन घराणं काढते: कोण कोणाचं, कोण कधी गेलं, त्यानंतर तुम्हाला कुणी वाढवलं. कागदावर सगळी वयं आली की लोक गप्प होतात. वडील गेले तेव्हा आई चोवीस वर्षांची होती, हे कित्येकांनी कधी मोजलेलंच नसतं.

पुढचा रस्ता माणसागणिक बदलतो. ‘मी हट्ट केला म्हणून आई गेली’ अशी गाठ बसलेली असेल तर ती सोडवावी लागते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला आपल्या मनात आलं तसंच घडतं असं वाटतं, त्यामुळं ही गाठ फार जणांत सापडते. अशा वेळी विचारांवर काम करणारी सीबीटी उपयोगी पडते. अपघात डोळ्यांदेखत झाला असेल आणि तेच दृश्य पुन्हा दिसत असेल तर ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन धक्क्याच्या आठवणींवर काम करायची पद्धत) शिकलेला थेरपिस्ट बघावा. नात्यांत तीच तीच चूक होत असेल, म्हणजे जवळ आलेल्या माणसाला तो सोडून जाण्याआधी आपणच सोडायचं, तर लांब पल्ल्याची सायकोडायनॅमिक थेरपी बरी, म्हणजे जुन्या नात्यांचे ठसे आजच्या नात्यांत शोधणारी. शोकासाठीच आखलेली, साधारण सोळा भेटींची पद्धतही आहे.

रिकाम्या खुर्चीचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. समोरच्या खुर्चीत वडील बसलेत असं समजून बोलायचं. माझ्याकडं त्यासाठी साधी प्लॅस्टिकची खुर्ची आहे. लोक आधी लाजतात. मग बहुतेकांचं पहिलं वाक्य तक्रारीचं असतं.

विल्यम वर्डेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं शोकाची चार कामं सांगितलीत: झालेलं खरं मानणं, वेदना सोसून पुढं जाणं, त्या माणसाशिवायच्या जगाशी जुळवून घेणं, आणि त्या माणसाला मनात जागा देऊन आपलं जगणं चालू ठेवणं. लहानपणी दुसरं आणि चौथं काम राहून जातं, कारण घरात नावच काढायचं नसतं.

संमोहनानं ‘दडलेल्या आठवणी बाहेर काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. दीड वर्षाच्या वयातलं दृश्य बाहेर निघत नसतं, नवीन तयार होतं.

६. सायकिअॅट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, कौन्सेलर यात फरक काय? गोळ्या घ्याव्या लागतील का?

सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. या तिघांत गोळ्या तोच देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा मानसशास्त्रातलं विशेष प्रशिक्षण घेतलेला असतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं आहे का ते विचारा, विचारण्यात गैर काही नाही. ‘कौन्सेलर’ ही पाटी मात्र आपल्याकडं कुणीही लावतं. मीही समुपदेशकच आहे, म्हणून सांगते: शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे मलाही विचारा.

शोकावर गोळी नाही. सोबत नैराश्य, झोप पार उडणं, घबराटीचे झटके असतील तर औषधाचा उपयोग होतो आणि थेरपीही त्यानं सोपी होते. चालू असलेली गोळी मनानं बंद करू नका.

७. आमच्या भागात कुठं जायचं?

आत्ता, घरबसल्या: टेलिमानस, १४४१६. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीही निवडता येते. तिथं पूर्ण थेरपी होत नाही, पण पहिलं बोलणं होतं आणि पुढचा रस्ता सांगतात.

बेळगावात बीम्सच्या सरकारी इस्पितळात आणि केएलईच्या इस्पितळात मनोविकार विभाग आहेत. धारवाडला डिमहॅन्स ही मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे. बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं येतात, वार आधी विचारून जा. (ही योजना देशभर गेली त्याआधी तिचा पहिला प्रयोग आपल्या कर्नाटकातच, बल्लारी जिल्ह्यात झाला होता.) निपाणीकरांना कोल्हापूर आणि अथणीकरांना मिरज सोयीचं पडतं. दवाखान्याला राज्याची हद्द नसते.

सरकारी ओपीडीत गर्दी असते, पाऊण तास निवांत मिळेलच असं नाही. तिथं तपासून घेऊन, थेरपी ऑनलाइन मराठी बोलणाऱ्याकडं, असंही बरेच जण करतात.

८. बोलायचं कुठल्या भाषेत? डॉक्टर कानडी आहेत, मला कानडी येतं, पण…

बेळगावात भाषा म्हटलं की आधी पाट्या नि मोर्चे आठवतात. ते घटकाभर बाजूला ठेवा. इथं प्रश्न एवढाच: गेलेलं माणूस तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं?

एका बाईंची आई गोकाककडची, माहेरची भाषा कानडी. ती गेली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. पुढं वडिलांच्या मराठी घरात वाढली, मराठी शाळेत शिकली, कानडी बाजारापुरतं. माझ्यासमोर कितीतरी भेटी ती आईबद्दल बातमी वाचावी तसं सुकं बोलायची. एकदा मी विचारलं, झोपवताना आई काय म्हणायची? ती थांबली आणि म्हणाली, “मलको.” झोप. पुढं बराच वेळ काहीच बोलली नाही. त्या दिवसापासून तिनं आईशी बोलायचं ते मोडक्यातोडक्या कानडीत, माझ्याशी मराठीत. माझं कानडी बेताचं आहे, पण ते मला समजायची गरजही नव्हती.

तेव्हा थेरपिस्टची भाषा कुठलीही असो, ‘काही शब्द मी माझ्या भाषेत बोलेन’ असं पहिल्याच दिवशी सांगा. घरात बोलतो तशीच बोला. छापील मराठीत दुःख सांगायला गेलं की ते निबंध होतं.

९. मला मावशीनं वाढवलं, तीच माझी आई. आता जन्मदात्या आईबद्दल बोलणं म्हणजे तिच्याशी बेइमानी नाही का?

आई गेल्यावर तिच्याच धाकट्या बहिणीशी वडिलांचं लग्न लावायचं, पोरं परकी होऊ नयेत म्हणून. अशी घरं आपल्याकडं कितीतरी आहेत. त्यात मावशीनं काय गमावलं हे कुणी विचारत नाही. तिचीही बहीण गेलेली असते. शिवाय बहिणीचा संसार अंगावर आल्यामुळं तिला रडायलाही जागा उरत नाही.

म्हणून हा विषय काढल्यावर मावशी दुखावेल असं जे वाटतं, ते दरवेळी खरं ठरत नाही. “तू माझी आई आहेसच, पण तुझी अक्का कशी होती ते मला सांग की,” असं विचारून बघा. काही मावश्या पदर तोंडाला लावून तासभर बोलल्यात. काही खरोखर चिडल्यात, हेही सांगते. तशा वेळी रेटू नका, प्रश्न ४ मधले दुसरे रस्ते धरा.

सावत्र आईनं छळलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथं दोन दुःखं असतात आणि बहुतेक वेळा छळाचं आधी बोलावं लागतं.

१०. वडील दारू पिऊन मारायचे. ते गेले तेव्हा सुटलो असंच वाटलं. मग मला थेरपीची काय गरज?

सुटल्यासारखं वाटण्यात पाप नाही. पण अशा माणसांत मला एक गोष्ट दिसते: वडिलांशी भांडायचं राहून गेलेलं असतं. जिवंत असते तर विसाव्या वर्षी त्यांचा हात धरला असता. आता तो राग मुलावर, साहेबावर, नाहीतर स्वतःवर निघतो. शिवाय मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, म्हणून तोंडही बंद. थेरपीच्या खोलीत हा नियम नसतो.

११. आई ‘तापानं’ गेली असं सांगितलं होतं. परवा चुलत्यांच्या तोंडून कळलं की तिनं आत्महत्या केली. मी काय करू?

पहिले काही आठवडे एकट्यानं काढू नका. जुनं दुःख नव्यानं सुरू होतं आणि त्यात फसवणुकीचा राग मिसळतो. ‘मी तिला पुरेसा नव्हतो का?’ हा प्रश्न येतोच. तीन वर्षांचं मूल कुणाच्या जगण्या-मरण्याचं कारण नसतं. आत्महत्येमागं बहुधा अनेक कारणं एकत्र आलेली असतात, बऱ्याचदा उपचार न झालेला आजारही असतो. घरच्यांनी लपवलं ते पोलीस, अब्रू, मुलांची लग्नं या भीतीनं.

स्वतःच्या मनात मरणाचे विचार येत असतील तर लगेच १४४१६ वर फोन करा किंवा जवळच्या इस्पितळात जा. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा धरून चालतो, त्यामुळं मदत मागायला घाबरू नका.

१२. दरवर्षी महाळ घालतो. ते पुरे नाही का?

काही जणांना पुरतं. पूर्वी मानसशास्त्रात समज होता की गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणं म्हणजे शोक संपणं. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी उलट मांडणी केली: नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि त्यात बिघडलेलं काही नाही. वर्षातून एकदा नाव घेऊन पान वाढण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावस्या आहेच. लिंगायत, जैन, ख्रिस्ती घरांत रीत वेगळी, पण दिवस पाळण्याची ओढ तीच.

अडचण येते ती विधीत मूल ओढलं जातं तेव्हा. एका गृहस्थाची आई ते सहा वर्षांचे असताना गेली. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मोठी माणसं म्हणाली, पोरात जीव अडकलाय. मग त्यांना पुढं करून म्हणायला लावलं, “आई, मी कुणाला त्रास देणार नाही.” कावळा शिवला. पुढं चाळीस वर्षं त्यांनी कुणाला त्रास दिला नाही. ताप आला तरी सांगितलं नाही, पगारवाढ मागितली नाही, बायकोला कधी ‘पाणी दे’ म्हटलं नाही. तिची तक्रारच ती होती. त्या वचनातून सुटायला बरेच महिने लागले. त्या वर्षीच्या महाळाला त्यांनी पानासमोर हात जोडून आईला सांगितलं की आता मी थोडा त्रास देणार आहे.

मुलींना तर पिंडाजवळ उभंही करत नाहीत. ‘मला निरोप द्यायलाच मिळाला नाही’ हे मी बायकांकडून जास्त ऐकते. आज, तुमच्या घरी, तुमच्या पद्धतीनं पान वाढायला कुणाची परवानगी लागत नाही.

१३. वडील वारले नाहीत, मी लहान असताना निघून गेले. हे इथं बसतं का?

बसतं, आणि जास्त अवघड असतं. पॉलीन बॉस या अमेरिकन संशोधिकेनं याला ‘संदिग्ध हानी’ म्हटलंय: माणूस गेलाही नाही नि उरलाही नाही. सात वर्षं खबर नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरू शकतो, मन धरत नाही. आईनं कुंकू लावायचं की नाही इथपासून गोंधळ असतो. ‘आता स्वीकारा’ असा घाई करणारा थेरपिस्ट इथं उपयोगाचा नाही.

१४. थेरपी सुरू केली आणि जास्तच त्रास होतोय. सोडू का?

पहिल्या काही भेटींनंतर स्वप्नं पडणं, चिडचिड, रडू येणं हे होतं. ते थेरपिस्टला सांगा, वेग कमी करता येतो. कामावर जाणं थांबलं, झोप-जेवण सुटलं किंवा मरणाचे विचार आले तर लगेच कळवा (प्रश्न ११). आणि थेरपिस्ट तुमच्यापेक्षा जास्त बोलतोय, धर्म किंवा जात काढतोय, ‘तुमच्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत’ म्हणतोय, तर सोडा. बदलण्यात काही गैर नाही.

१५. किती दिवस लागतात?

आठवड्याला एक, पंचेचाळीस-पन्नास मिनिटांची भेट. एखादीच गाठ असेल तर तीन-चार महिने, नात्यांचा प्रश्न असेल तर वर्षभर किंवा जास्त. खासगीत फी माणसागणिक वेगळी, फोनवरच विचारून घ्या. कमी करून मागायलाही लाजू नका.

१६. गाव लहान आहे. कुणाला कळलं तर?

२०१७ च्या त्याच कायद्यानं मानसिक उपचारांबद्दलची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. अपवाद थोडे, मुख्य म्हणजे कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा. हे झालं कागदावरचं. बाहेरच्या बाकावर भेटणाऱ्या भावकीला कायदा लागू नाही. म्हणून मी दोन भेटींमध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवते.

१७. पहिल्या दिवशी सोबत काय आणू?

एखादा फोटो, वस्तू, साडीचा तुकडा, असेल ते. चालू गोळ्यांची चिठ्ठी. फोटो नसेल तर तेही चालतं. कुणाला सोबत आणायचं असेल तर आणा, पण आत एकट्यानं या. रिक्षावाल्याला जागेचं नाव सांगायला जीवावर येत असेल तर अलीकडच्या चौकाचं सांगा आणि चालत या. बरेच जण तसेच येतात.